धायटीचे चित्र, फांदी न तोडता

जैन घरांतील मुले पाठशाळेत अढाई द्वीपाचे वर्णन ऐकतात. मधोमध एक लाख योजने व्यासाचे जंबूद्वीप, त्याभोवती दोन लाख योजने रुंद लवणसमुद्र आणि त्यापलीकडे चार लाख योजने रुंदीचे धातकीखंड. पहिल्याला जांभळीवरून नाव मिळाले, दुसऱ्याला धातकीवरून. जांभूळ सर्वांच्या परिचयाचे. धातकी कोणती, असे विचारले की मोठेही थबकतात. कोणी तिचा अर्थ आवळा असा करतात, परंतु वैद्यकात धातकी म्हणजे धायटी. शास्त्रातील वृक्ष महाकाय, हे झुडूप पुरुष-दीड पुरुष उंचीचे. साम्य नावापुरतेच धरावे. तरीही मुक्तागिरीच्या दर्शनानंतर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या कुटुंबाने माघ-फाल्गुनात खिडकीबाहेर अवश्य पाहावे.

त्या दिवसांत गवत वाळलेले असते, साग उघडा पडतो, काळ्या दगडावर मूठभर माती उरते. अशा जागी धायटी फुलते. लांब, वाकलेल्या फांद्यांवर विटकरी-लाल फुलांचे झुबके ओळीने लागतात. झाड तोडले तरी बुंध्यातून ते पुन्हा फुटते.

व्यापारी घराण्यांना ती वेगळ्या रूपात ठाऊक आहे. वाळलेली धायटीची फुले वनौषधींच्या बाजारात वजनावर विकली जातात. पूर्वी त्यांचा लाल रंग कापडाला देत. आसवे-अरिष्टे आंबवण्यासाठी ती आजही लागतात. मद्यत्यागाचे व्रत पाळणाऱ्या दुकानदाराने आंबवण्याचे साधन तागडीत तोलावे, हा थोडा गमतीचाच योग! मात्र जितकी फुले खुडली जातात, तितके बी डोंगरावर कमी पडते, ही बाब हिशेबाच्या वहीत कुठेच उतरत नाही.

चित्रकलेतही खुडण्याचीच प्रथा रूढ झाली. विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथाचा पहिला खंड १७९५ मध्ये लंडनहून निघाला. त्यात धायटीचे चित्र आहे. अशी चित्रे हिंदी चित्रकारांनी काढली; त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणी घेत नाही. अशा चित्रांत पांढऱ्या कागदावर एकच डहाळी, बाजूला फुलाचे सुटे केलेले भाग. वनस्पती ओळखण्यास हे उत्तम; पण झुडपाचा डोंगर त्यात हरवतो.

वनस्पतीही एकेंद्रिय जीव मानणाऱ्या घरातील चित्रकाराला दुसरा मार्ग मोकळा आहे. तेरापंथी परंपरेत पूजेसाठी ताज्या फुलांऐवजी केशरी तांदूळ वाहतात. तोच विवेक कुंचल्यालाही लागू पडतो. कागद झुडपापाशी न्यावा, झुडूप कागदापाशी आणू नये. शिवाय मेळघाट १९७३ च्या सुमारास देशातील पहिल्या व्याघ्रप्रकल्पांत सामील झाला, आणि अभयारण्यात डहाळी तोडणे कायद्यानेही गुन्हा आहे. अकोल्याकडील मंडळींना नरनाळा जवळचा. तेथेही वनखात्याचे नियम पाळूनच बसावे.

सकाळचे तिरपे ऊन उत्तम. दुपारी लाल रंग सपाट दिसतो. प्रथम फांदीची कमान पेन्सिलीने एका ओघात घ्यावी, फुले नंतर. जो लाल भाग दिसतो तो पाकळ्यांचा नसून बाहेरील नळीचा आहे. पाकळ्या इवल्याशा, सहज नजरेआड होणाऱ्या. नळीतून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात. ते मोजून काढण्याचा हट्ट धरू नये, झुबक्याचे वजन मात्र साधावे. पानांची खालची बाजू करडी असते व तीवर काळे ठिपके दिसतात. मागचा खडक निव्वळ काळ्या रंगाने भरला तर फूल भडक होते. निळा आणि तपकिरी मिसळून काळपटपणा आणावा.

उरला रंग जुळवण्याचा प्रश्न. फळ धरल्यावरही ती नळी आपला लाल रंग बराच काळ टिकवते. त्यामुळे पुढील महिन्यात त्याच वळणावर पुन्हा थांबले, तरी अपुरे राहिलेले चित्र पूर्ण करता येते.