अंधार कुणी केला?

भूतशोधाच्या कार्यक्रमात चमू वाड्यात शिरला की आधी दिवे घालवले जातात. भूत अंधारातच येतं असं कुठल्याही प्रयोगाने दाखवलेलं नाही. अंधार लागतो तो चित्रणाला. हे कार्यक्रम आता यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या शाळकरी मुलांच्या हातातल्या मोबाइलवरही चालतात, म्हणून ते कसे तयार होतात हे नीट समजून घ्यायला हवं.

पडद्यावरचं हिरवट-करडं चित्र अवरक्त प्रकाशामुळे मिळतं. भिंगाशेजारच्या दिव्यांतला हा प्रकाश कॅमेऱ्याला दिसतो, डोळ्यांना नाही. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक फोनवर जांभळट ठिपका लुकलुकेल. तोच हा प्रकाश. त्यामुळे प्रेक्षकाला सगळं दिसत असतं आणि निवेदक मात्र खरोखरच चाचपडत असतो. उंदराची खुडबुड झाली तरी तो दचकतो. ते दचकणं अस्सल असतं, पण त्यामागे भूत असण्याची गरज नसते.

हवेत तरंगणाऱ्या पांढऱ्या गोळ्यांना, म्हणजे ‘ऑर्ब’ना, या कार्यक्रमांत आत्मे म्हणतात. दिवा भिंगाला खेटून असला की अगदी जवळचा धूलिकण किंवा चिलट लख्ख उजळतं. इतक्या जवळच्या वस्तूवर कॅमेऱ्याचा फोकस बसत नाही, म्हणून ते पसरून गोल दिसतं. हे घरीच तपासता येईल. रात्री खोलीतला दिवा घालवा, जुनी गोधडी झटका आणि फ्लॅश लावून फोटो काढा. मग पंखा बंद ठेवून धूळ खाली बसू द्या आणि पुन्हा काढा. धूळ उडाली की गोळे वाढतात, बसली की घटतात.

चमूच्या हातातलं ‘के-टू’ यंत्र बदलतं विद्युतचुंबकीय क्षेत्र टिपतं. भिंतीतली वायर किंवा खिशातला मोबाइल एवढ्यानेही त्याचे दिवे पेटू शकतात. ‘स्पिरिट बॉक्स’ हा तर रेडिओच. तो स्टेशनांवरून भराभर सरकत राहतो आणि बातम्यांचे, गाण्यांचे तुकडे कानावर पडतात. पडद्यावर ‘निघून जा’ अशी अक्षरं उमटली की आपल्यालाही तेच ऐकू येतं. अक्षरं झाकून तोच आवाज चार जणांना वेगवेगळा ऐकवा, ऐकलेलं लिहून घ्या आणि उत्तरं जुळतात का पाहा. शेवटी संकलन होतं. काहीच न घडलेले तास कापले जातात, उरलेल्या मिनिटांखाली संगीत घातलं जातं.

मग हे सारं खरं की बनाव? ब्रिटनमध्ये २००२ साली ‘मोस्ट हॉन्टेड’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात डेरेक अकोरा यांच्या ‘अंगात’ मृतात्मे येत. चमूतलेच परामानसशास्त्रज्ञ किअरन ओकीफ यांना शंका आली. त्यांनी ‘क्रीड केफर’ नावाचा तुरुंगाधिकारी मनाने रचला आणि ते नाव अकोरांच्या कानावर जाईल अशी व्यवस्था केली. चित्रणात हाच ‘आत्मा’ अकोरांच्या अंगात आला, असं ओकीफ यांनी २००५ साली जाहीर केलं. त्या नावाची इंग्रजी अक्षरं फिरवली की ‘डेरेक फेकर’, म्हणजे ढोंगी डेरेक, असं होतं. अकोरांनी आरोप नाकारले. त्याच वर्षी ब्रिटनच्या प्रसारण नियामकाने, ऑफकॉमने, हा कार्यक्रम तपास नसून मनोरंजन आहे असा निर्वाळा दिला.

खरा शोध कसा असतो, हे विक टँडी या ब्रिटिश अभियंत्याने दाखवलं. एका प्रयोगशाळेत त्याला कापरं भरलं आणि नजरेच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी पकडीत लावलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरू लागलं. तो पळाला नाही. पातं जमिनीवरून सरकवत थरथर कुठे वाढते, कुठे थांबते, हे त्याने पाहिलं. हवा बाहेर फेकणारा नवा पंखा सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी निर्माण करत होता. पंख्याची जोडणी बदलताच तो ध्वनी थांबला. १९९८ साली टँडीने हे प्रसिद्ध केलं. सगळ्याच ‘झपाटलेल्या’ जागांना हे उत्तर लागू पडत नाही, पण शोधण्याची रीत लागू पडते.

आपल्याकडे शनिवारवाड्याचंच बघा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा तिथे खून झाला, आणि त्यांची किंकाळी आजही ऐकू येते असं सांगतात. पण १८२८ च्या आगीत आतला वाडा भस्मसात झाला. तट, दरवाजे आणि जोती उरली. तिथे खरी चाचणी करायची तर ध्वनिमुद्रक अनेक रात्री ठेवावे लागतील आणि शेजारच्या एखाद्या साध्या इमारतीतही तसेच ठेवावे लागतील. मग कुठलं मुद्रण कुठलं हे न सांगता ते लोकांना ऐकवायचं. भूतशोधाच्या कार्यक्रमांत ही तुलनाच नसते, त्यामुळे ‘इथे काही नाही’ हे उत्तर तिथे मिळतच नाही.

मनोरंजन म्हणून हे सोडून देता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावी, भानामतीच्या संशयावरून सात जणांना भरचौकात बांधून मारलं गेलं. त्यांत वृद्ध होते, बाया होत्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा छळ गुन्हा ठरवला आहे. अंधश्रद्धेला उत्तेजन देणारे कार्यक्रम दाखवू नयेत, असं केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतही आहे. पण कायदा येतो तो मार बसल्यावर. त्याआधीचं काम शाळेत आणि घरात व्हायला हवं. मुलांसोबत असा एखादा व्हिडिओ बसून बघावा आणि विचारावं: दिवे कुणी घालवले, यंत्र नेमकं काय मोजतं, कापलेल्या भागात काय होतं? हे विचारायची सवय लागलेलं मूल उद्या गावात भानामतीची कुजबुज झाली तरी आधी पुरावा मागेल.