सायलेन्सरची खडखड आणि बोटभर मोकळी जागा

आडवाटेने चालणाऱ्या चारचाकीच्या पोटाखालून येणारी खडखड हे बहुतेकांना किरकोळ दुखणे वाटते, आणि त्यावर होणारा उपायही तसाच झटपट असतो: सैल वाटणारा पाईप तारेने आवळायचा किंवा त्याला चेसिसच्या पट्टीशी वेल्डिंगचा टाका मारायचा. आवाज त्या दिवसापुरता थांबतो, परंतु पुढच्या एकदोन खडतर फेऱ्यांत तोच पाईप दुसऱ्या ठिकाणी तडकतो किंवा इंजिनाजवळचा त्याचा जोड सुटतो. याचे कारण असे, की धूर बाहेर नेणारी ही नळी गाडीला जखडलेली नसून टांगलेली असते आणि इंजिन चालू असेपर्यंत ती सतत हलत राहते. ती हलते हा दोष नसून तिला हलायला पुरेशी जागा उरलेली नाही, हा खरा दोष असतो.

ही रचना इंजिनाला घट्ट बसवलेल्या मॅनिफोल्डपासून सुरू होते. सर्व सिलिंडरांतून निघणारा जळका वायू त्यात एकत्र होतो आणि तेथून तो विषारी घटकांचे प्रमाण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून, नंतर आवाज शमवणाऱ्या सायलेन्सरमधून आणि शेवटी टेलपाईपमधून बाहेर पडतो. पुढचे टोक इंजिनाला जोडलेले आणि उरलेली सारी लांबी हँगर म्हणजे रबरी लटकणींच्या आधाराने चेसिसला टांगलेली, अशी तिची दुहेरी बांधणी असते. इंजिन स्वतः रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच ते क्षणभर एका बाजूला कलते आणि नळीचे पुढचे टोक त्याच्याबरोबर ओढले जाते. हा झटका अनेक गाड्यांत फ्लेक्स पाईप, म्हणजे जाळीचे आवरण असलेला लवचिक तुकडा, आणि पुढे हँगरचे रबर मिळून पचवतात. मागचा भाग चेसिसशी वेल्डिंगने पक्का केला, की तोच झटका सर्वांत अशक्त जोडावर जाऊन आदळतो.

उष्णतेमुळे होणारी हालचाल सहज दिसत नाही, म्हणून तिचा हिशेब बहुधा राहून जातो. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की साध्या पोलादाची एक मीटर लांबी मिलिमीटरच्या सुमारे 12 हजारांश भागाने वाढते, तर 304 या प्रकारच्या स्टेनलेस पोलादाची वाढ सुमारे 17 हजारांश असते. यावरून दोन मीटर लांबीचा पाईप 300 अंशांनी तापला, तर साध्या पोलादात तो सुमारे 7 आणि 304 स्टेनलेसमध्ये सुमारे 10 मिलिमीटर लांबतो. गाडी थंड असताना आडव्या पट्टीपासून पाच मिलिमीटर दूर दिसणारे पाईपाचे वळण अर्ध्या तासाच्या चढणीनंतर त्या पट्टीला टेकलेले असू शकते, आणि सकाळी गॅरेजमध्ये न सापडणारी खडखड दुपारी घाटात का सुरू होते, याचा उलगडा येथे होतो.

तिसरी हालचाल एक्सलची असते. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्रा थार, मारुती सुझुकीची जिमनी आणि पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा या तिन्ही गाड्यांना शिडीसारखी चेसिस आणि मागे अखंड एक्सल आहे; म्हणजे एक चाक दगडावर चढले, की संपूर्ण एक्सल तिरका होऊन त्याचे एक टोक चेसिसच्या दिशेने वर येते. चेसिसच्या दोन पट्ट्यांमधल्या अरुंद जागेत गिअरबॉक्स, चारही चाकांना शक्ती वाटणारी ट्रान्स्फर केस, प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेकच्या नळ्या असतात, आणि धुराच्या पाईपला त्यांच्यामधूनच वाट काढावी लागते. खालून जमिनीचा धोका असतो तो वेगळाच. सह्याद्रीतील बैलगाडीच्या वाटांवर चाकोऱ्यांमधला उंचवटा आणि त्यातून डोके काढलेला काळा पाषाण, तसेच कोकणात जांभ्याच्या धारदार कडा, गाडीच्या पोटाला नेमक्या मध्यभागी भिडतात. अशा उंचवट्यावरून पोट न टेकता गाडी किती तीव्र माथा ओलांडू शकते, हे ब्रेकओव्हर अँगल या मापाने सांगितले जाते. तीन दारांच्या आणि पाच दारांच्या जिमनीचा ग्राउंड क्लिअरन्स 210 मिलिमीटर असा सारखाच आहे, परंतु पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर 2250 वरून 2590 मिलिमीटर झाल्यामुळे हा कोन 28 अंशांवरून 24 अंशांवर आला आहे; म्हणून केवळ ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा पाहून पोटाखालचा पाईप सुरक्षित आहे, असे मानता येत नाही.

गाडी उंच करण्यासाठी लिफ्ट किट बसवले, की जमिनीपासूनचे अंतर वाढते, पण वरच्या भागांमधली जागा काही वेळा उलट घटते. स्प्रिंग लांब झाल्याने चाक हवेत असताना एक्सल पूर्वीपेक्षा खाली लोंबतो आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. अमेरिकेतील जीप रँग्लरच्या 2012 पासूनच्या, 3.6 लिटर इंजिनाच्या जेके पिढीत हा प्रश्न प्रसिद्ध आहे: गाडी उंच करून पुढचा प्रोपेलर शाफ्ट जाड बसवला, की पुढची चाके पूर्ण खाली लोंबताना तो शाफ्ट धुराच्या आडव्या पाईपला घासतो, आणि म्हणून तो पाईप थोडा सरकवणारे स्पेसर तेथे स्वतंत्रपणे विकले जातात. लिफ्ट बसवल्यावर सपाट जमिनीवर उभ्या गाडीत सर्व काही मोकळे दिसते, एवढ्यावर समाधान मानणे कसे फसवे ठरते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

आवाज कधी येतो, यावरून तो कोठून येतो याचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो. इंजिन नुसते चालू असताना येणारी बारीक झणझण बहुधा हीट शील्डची, म्हणजे तापलेल्या पाईपपासून वरच्या भागांना वाचवणाऱ्या पातळ पत्र्याची असते. क्लच सोडताना किंवा जोर लावताना येणारी ठकठक इंजिनाच्या कलण्याशी निगडित असते. फक्त खड्ड्यात ऐकू येणारा धक्का फाटलेल्या रबराकडे किंवा एक्सलकडे बोट दाखवतो. आणि थंड इंजिनावर येणारी फुरफुर जोडाचे पॅकिंग गळत असल्याचे सांगते.

तपासणी पाईप पूर्ण थंड झाल्यावर, सपाट व टणक जागी, चाकांना अडसर लावून करावी, आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. गाडीचा भार भक्कम घोडीवर घेतलेला असावा. हातमोजा घालून पाईप चारही दिशांना हलवावा, रबरी हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि जेथे गंज खरवडून धातू चकाकतो अशा खुणा शोधाव्यात, कारण भाग एकमेकांना कोठे लागतात हे त्या खुणाच नेमके दाखवतात. शंका असलेल्या फटीत मुलांच्या खेळण्यातली मऊ माती चिकटवून, एक चाक उंचवट्यावर चढवून गाडी अगदी सावकाश पुढे-मागे घेतली, तर दबलेल्या मातीची उरलेली जाडी म्हणजे त्या स्थितीत शिल्लक राहिलेली खरी जागा होय.

दुरुस्तीचे तत्त्व यातूनच निघते. हीट शील्डचे भोक गंजून मोठे झाले असेल, तर रुंद वायसर किंवा स्टेनलेसचा होज क्लॅम्प पुरतो. तो पत्रा काढून टाकणे मात्र धोक्याचे असते, कारण त्याच्या आड बहुधा इंधनाची नळी, वायर किंवा गाडीचा तळ असतो. पाईप खाली लोंबला असेल, तर सर्व रबरे एकदम बदलावीत, कारण एकच नवे ताठ रबर उरलेल्या थकलेल्या रबरांच्या मानाने पाईप तिरका ओढते. नवीन भाग बसवताना सर्व जोड आधी सैल ठेवावेत, पाईप हँगरवर नैसर्गिक स्थितीत स्थिरावू द्यावा, चहूबाजूंची जागा पाहावी आणि मगच इंजिनाकडून मागे असे क्रमाने बोल्ट आवळावेत. जुळत नसलेला जोड ताकदीने ओढून आवळला, तर तो ताण धातूत कायम राहतो. हलत्या भागांपासून 20 ते 25 मिलिमीटर जागा राखावी, आणि ब्रेकच्या रबरी नळ्या व इंधनवाहिनीपासून त्याहून अधिक.

दोन गोष्टींत मात्र चालढकल चालत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आतून खुळखुळ येत असेल, तर दगडाच्या फटक्याने वा अतितापाने आतली सिरॅमिक जाळी फुटलेली असते आणि तिचे तुकडे वायूची वाट अडवू शकतात. येथे भाग बदलणे हाच उपाय असतो, कारण तो काढून सरळ पाईप जोडणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार बेकायदा फेरफार ठरते. दुसरी गोष्ट सुक्या गवताची. डिझेल गाडीतील काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा त्याच्या आतील तापमान सुमारे 600 अंशांपर्यंत जाते, म्हणून पावसाळ्यानंतर सड्यावर वाळलेल्या गवतात गाडी उभी करणे आणि हीट शील्डमागे अडकलेले गवत तसेच ठेवणे ही आगीला दिलेली संधी ठरते. गळका जोडही केवळ कर्कश नसतो. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असल्याने गाडीत शिरला तरी जाणवत नाही.

दुरुस्तीनंतर आवाज थांबला, एवढ्यावर काम संपत नाही. गाडी थंड असताना, पूर्ण तापल्यावर आणि एक्सल शक्य तितका तिरका केल्यावर अशी तीनदा जागा तपासावी, आणि पहिल्या खडतर फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत. या तिन्ही स्थितींत पाईप कोठेही न टेकता मोकळा हलत असेल, तरच खडखडीचे मूळ गेले असे म्हणता येते. आणि तारेचा वेढा वा वेल्डिंगचा टाका न वापरता ते साधणारा कारागीर गाडीइतकाच तिच्यातल्या माणसांचाही जीव सांभाळत असतो.