घरचा संगणक सुटे भाग घेऊन कसा जोडावा?

संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरले जातात, हजचा अर्ज हज कमिटीकडे ऑनलाइन जातो, जीएसटीचे विवरणपत्रही तसेच. वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी 6 जून 2025 रोजी 'उमीद' पोर्टल सुरू झाले. ही कामे मोबाइलच्या पडद्यावर उरकणे जिकिरीचे होते आणि प्रत्येक वेळी बाहेर पैसे मोजणे परवडत नाही. म्हणून दुकानाचा हिशेब आणि मुलांचा अभ्यास या दोन्हींना पुरेल असा एक संगणक घरात असणे गरजेचे झाले आहे.

तयार संगणक घ्यायला गेले की दुकानदार 'बिनव्याजी हप्ता' सुचवतो. येथे सावध राहावे. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते. असे व्याज अनेकदा प्रक्रिया शुल्कात किंवा नाकारलेल्या रोख सवलतीत दडलेले असते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांसाठी सुटे भाग घेऊन संगणक जोडणे हा सरळ मार्ग आहे. आज जेवढी रक्कम हाती आहे, तेवढ्यात यंत्र उभे करता येते आणि पुढच्या हंगामात त्यात भर घालता येते.

यासाठी एकच नियम ध्यानात ठेवावा. जो भाग नंतर बदलणे महाग पडते, किंवा जो बिघडल्यास इतरांनाही घेऊन बुडतो, त्यावर आधी खर्च करावा. जो भाग नंतर सहज वाढवता येतो, तेथे हात आखडावा.

पॉवर सप्लाय आणि यूपीएस

नवखा ग्राहक सर्वांत जास्त बचत पॉवर सप्लायवर करतो आणि तेथेच फसतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा सप्लाय जळाला तर मदरबोर्डही सोबत जाऊ शकतो. नामांकित कंपनीचा, '80 प्लस' छापाचा 450 वॅटचा सप्लाय घरगुती संगणकाला पुरेसा होतो. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, पावसाळी वादळात वीज येते-जाते. म्हणून 600 व्हीएचा यूपीएस घ्यावा आणि घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. अर्थिंग नसेल तर चांगला मालही टिकत नाही.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

बाजारात 'आय-5' नावाने फारच स्वस्त संगणक विकले जातात. आत बहुधा एच-61 बोर्ड आणि दुसऱ्या वा तिसऱ्या पिढीचा, म्हणजे 2011-12 चा प्रोसेसर असतो. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते. तेव्हा नुसते 'आय-5' विचारू नये, पिढी विचारावी. वापरलेला संगणक घेतानाही हाच निकष लावावा.

नवा घ्यायचा तर एएमडीचा रायझन 5 5600जी किंवा इंटेलचा आय-3 12100 घरकामाला व हिशेबाला पुरून उरतो. दोन्हींत चित्र दाखवण्याची सोय आतच आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. इंटेलच्या नावापुढे 'एफ' अक्षर असेल (उदाहरणार्थ 12100एफ) तर ही सोय नसते. तो थोडा स्वस्त दिसतो, पण कार्डाचा खर्च वेगळा येतो. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्यावा. ट्रेमधल्या सुट्या मालाला कंपनीची नेहमीची हमी मिळत नाही. मदरबोर्डवर रॅमच्या किमान दोन खाचा आणि एनव्हीएमई एसएसडीची जागा असावी.

रॅम आणि साठवण

2025 च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने रॅम जगभर महागली. म्हणून हात आखडायचा तो येथे. 8 जीबीची एकच पट्टी घ्यावी, दुसरी खाच रिकामी ठेवावी आणि सोयीने तशीच दुसरी पट्टी घालावी. दोन पट्ट्या झाल्या की वेगही वाढतो. साठवणीसाठी 500 जीबीच्या आसपासची एसएसडी पुरते. जुनी हार्ड डिस्क मुख्य म्हणून वापरू नये, मात्र हिशेबाची दुसरी प्रत ठेवायला ती उपयोगी आहे.

कॅबिनेट दिव्यांचे नको, हवेचे बघावे. पुढे जाळी आणि मागे एक पंखा असला की झाले. हिंगणघाट, पुलगावसारख्या कापसाच्या गावांत किंवा गादी भरण्याचे, शिलाईचे, सुतारकामाचे काम घरातच चालत असेल तेथे रुईचे तंतू व भुसा पंख्यात अडकतो. अशा ठिकाणी कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये आणि दर दोन महिन्यांनी वीज काढून ब्रशने साफ करावे.

विजेचा खर्चही मोजून पाहावा. मॉनिटरसह सरासरी 100 वॅट धरले तर रोज सहा तासांचे महिन्याला 18 युनिट होतात.

बिल आणि प्रणाली

वर्ध्यापेक्षा नागपुरात काही भाग स्वस्त मिळतात. पण हमीच्या काळात माल बदलायला पुन्हा जाण्या-येण्याचे भाडे व बुडालेला दिवस हिशेबात धरावा. फरक किरकोळ असेल तर गावातला दुकानदार बरा. प्रत्येक भागाचा क्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने बिलावर आपला नंबर टाकून घेतल्यास, 18 टक्के करापैकी धंद्यासाठी होणाऱ्या वापरापुरती वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती मिळत नाही.

दुकानदार चोरीची विंडोज फुकट टाकून देतो. ते बेकायदेशीर आहे आणि दुसऱ्याच्या मालावर हात टाकण्यासारखे आहे. परवान्याला पैसे नसतील तर लिनक्स वापरावी. ती मोफत मिळते आणि तीत मराठी, उर्दू दोन्ही लिहिता येतात. जीएसटी व अर्जांची बहुतेक कामे ब्राउझरवरच होतात. मात्र हिशेबाचे ठरावीक सॉफ्टवेअर किंवा डिजिटल सही वापरत असाल तर ती लिनक्सवर चालते का, हे आधी पाहून घ्यावे.

जे बांधव हे भाग विकतात किंवा जोडून देतात, त्यांच्यावरही जबाबदारी आहे. वापरलेला माल नवा म्हणून देऊ नये, पिढी लपवू नये. मालातील खोट सांगून विकणे ही शरीयतने व्यापाऱ्यावर घातलेली अट आहे, आणि गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढते तेही त्यामुळेच.