चार्जिंगला लावलेला फोनही उतरतो

लग्नसराई आणि चाळिशीपार गेलेला पारा, दोन्ही बातम्या सध्या रोजच्याच. या दोहोंच्या कात्रीत सापडलाय तो गाडीतला फोन. हल्ली पत्रिका हातात पडायच्या आधी व्हॉट्सअॅपवर लोकेशन येतं आणि त्याच भरवशावर आपण निघतो.

परवा पालम तालुक्यातल्या एका लग्नाला निघालो. परभणी सोडताना फोन १९ टक्के, गाडीच्या यूएसबीला जोडलेला, काचेवर होल्डरमध्ये. गंगाखेड येईपर्यंत १४. विजेचं चिन्ह दिसत होतं आणि आकडा उतरत होता. पुढे पडद्यावर तापमानाची सूचना आली अन् ते चिन्हही गेलं.

हौदात करंगळीएवढी धार आणि खालची तोटी पूर्ण उघडी, असा हा हिशेब. गाडीतल्या बऱ्याच जुन्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॅट. गाणी वाजवायला तेवढं पुरतं. पण नकाशा चालू, उन्हामुळे पडदा पूर्ण उजळ आणि मोबाइल डेटा सुरू असला की फोन तीन-चार वॅट सहज ओढतो. त्यात बालाघाटच्या डोंगरात रेंज गेली, तर टॉवर शोधण्यात आणखी खर्च. म्हणून गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटमध्ये बसणारा १८-२० वॅटचा चार्जर घ्या. वायरही तितकीच जाड हवी. बारीक, मोडकी वायर चांगल्या चार्जरचं पाणी करते.

पण परभणीत खरा वैरी ऊन आहे, आणि याकडे कोणी लक्ष देत नाही. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांपुढे चार्ज करू नये, असा नियम आहे. म्हणून फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. अॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मोजमापं प्रसिद्ध केली : बाहेर ३८ अंशांच्या पुढे असताना तासभर उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला होता. आपल्या मे महिन्याचं ऊन याहून सौम्य नाही. अशा डॅशबोर्डवर, काचेमागे, जाड कव्हरात फोन ठेवून महागडा चार्जर लावला तरी उपयोग शून्य. वायरलेस चार्जिंग तर आणखी तापवतं.

होल्डर काचेवरून काढून एसीच्या जाळीला लावा, कव्हर उतरवा. होल्डर हवाच. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनी रस्ता पाहण्यापुरता फोन वापरायला मुभा दिली आहे, पण चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनंच. घरच्या वायफायवर नकाशा आधीच उतरवून घ्या. उपग्रहाचा सिग्नल फोनला रेंजशिवायही मिळतो. दुचाकीवाल्यांनी चार्जरची वायर थेट बॅटरीला जोडू नये. चावीवर चालू-बंद होईल अशी, फ्यूज घालून घ्यावी.

मला त्या दिवशी मांडवापर्यंत पोचवलं ते एका रसवंतीवाल्यानं. गाव विचारलं, त्यानं फाटा सांगितला, पुढे मारुतीचं देऊळ, डावीकडे वळा. अक्षता पडायच्या आत पोचलो. यजमानांना हात जोडून विनंती : लोकेशन पाठवा, पण पत्रिकेवर फाट्याचं नावही छापा.