डब्यातले साडेचार हजार

जून १९४०. जर्मन फौजा पॅरिसच्या वेशीशी आल्या, तेव्हा डार्करूम सांभाळणारा चिकी वाइस पाठपिशवीत निगेटिव्ह भरून सायकलने बोर्दोकडे निघाला. रॉबर्ट कापा, गेर्डा तारो आणि डेव्हिड सिमूर ऊर्फ 'चिम' यांनी टिपलेलं स्पेनचं यादवी युद्ध त्यात होतं. वाटेत ऐवज दुसऱ्याच्या हाती गेला आणि हातोहात मेक्सिकोला पोहोचला. पुढे वाइसही मेक्सिको सिटीतच स्थायिक झाला. २००७च्या जानेवारीत तो वारला. निगेटिव्ह त्याच शहरात आहेत हे त्याला कधी कळलंच नाही. त्याच वर्षी डिसेंबरात ती न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीत आली. जग त्यांना 'मेक्सिकन सूटकेस' म्हणतं. प्रत्यक्षात सूटकेस नव्हतीच. पुठ्ठ्याचे तीन डबे होते, आत सुमारे साडेचार हजार निगेटिव्ह. झाकणांच्या आतल्या बाजूला चौकटी आखून कुठल्या खणात काय आहे ते लिहिलेलं. त्या नोंदींमुळे ढिगाचा संग्रह झाला.

चिमचा एक फोटो प्रसिद्ध आहे: बाळाला पाजत मान वर करून पाहणारी स्त्री. अनेकांनी तो विमानहल्ल्याच्या भीतीचा फोटो मानला. वास्तविक तो १९३६च्या वसंतातला, युद्ध पेटण्याआधीचा. ती जमीनवाटपाच्या सभेतलं भाषण ऐकते आहे. सुटा फोटो काहीही सांगू शकतो. मागच्या-पुढच्या फ्रेम पाहिल्या की गर्दी दिसते, सभा दिसते.

हा शेजार एका नजरेत दाखवतं ते कॉन्टॅक्ट शीट. कृती सोपी. छत्तीस फ्रेमचा रोल सहा-सहाच्या पट्ट्यांत कापायचा, लाल दिव्याखाली कागदावर पालथा मांडायचा, वर काच दाबायची आणि एन्लार्जरचा उजेड काही सेकंद सोडायचा. मग डेव्हलपर, स्टॉप बाथ, फिक्सर, भरपूर पाणी. चित्रं निगेटिव्हएवढीच उमटतात. भिंग लावून पाहायची आणि निवडीवर लाल पेन्सिलीची चौकट मारायची. सहा पट्ट्यांची रुंदी २१० मिलिमीटर भरते आणि आठ इंची कागद २०३चा, म्हणून कडेची भोकं थोडी एकमेकांवर चढवावी लागतात. एक पथ्य मात्र पाळावं: फिल्मची कोरी कड जेमतेम पूर्ण काळी होईल एवढाच उजेड, आणि तोही सगळ्या फ्रेमना सारखा. फिकट-गडद फ्रेम सावरत बसलं, तर कॅमेऱ्यामागे काय चुकलं ते शीट सांगणार कसं?

निगेटिव्ह टिकवणं हे अधिक चिवट काम. स्पेनमधली ती फिल्म नायट्रेटची, झपाट्याने पेट घेणारी. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट साठा जळाला, त्यात मूकपटांच्या काळातला ठेवाही गेला. नंतरची अ‍ॅसिटेट फिल्म भडकत नाही, पण उष्णतेने आणि दमटपणाने कुजते. डबा उघडताच व्हिनेगरचा आंबट वास येतो. ते आम्ल कोंडलं की कुजणं आणखी वेगाने होतं आणि शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बाधतं. म्हणून वास आलेली फिल्म आधी वेगळी काढायची. पीव्हीसीची पाकिटं टाळावीत. पॉलिप्रॉपिलीन किंवा आम्लरहित कागद चालतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी धरायला वेळ लागत नाही, तेव्हा ३० ते ५० टक्के आर्द्रता आणि थंडावा हेच खरं औषध. पाकिटावर आणि शीटवर एकच क्रमांक घालावा, आणि पाकिटावरचा आकडा निगेटिव्ह आत सरकवण्याआधी लिहावा; नाहीतर अक्षरांचा दाब फिल्मवर उमटतो.