गोळी तीच, निकाल दोन

एचआयव्हीची लागण रोज एक गोळी घेऊन आधीच टाळता येते. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन यांच्या या गोळीला ‘प्रेप’ म्हणतात. अमेरिकेत तिला 2012 मध्ये मान्यता मिळाली. पेशीत शिरलेला विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए घडवू लागला, की औषध ती साखळी मध्येच तोडते. मात्र टेनोफोविर योनिमार्गाच्या ऊतींत तुलनेने कमी पोहोचते, म्हणून स्त्रियांनी गोळ्या चुकवून चालत नाही.

दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या 5,029 स्त्रियांवरील ‘व्हॉइस’ चाचणीत प्रेपचा उपयोग दिसला नाही. गोळ्या नियमित घेतो, असे बहुतेकींनी सांगितले होते. रक्ताच्या सुमारे 30 टक्के नमुन्यांतच औषध सापडले. ही एड्सच्या रुग्णांची गोळी, घरात दिसली तर आपल्यालाच रोगी ठरवतील, ही धास्ती नंतरच्या मुलाखतींतून पुढे आली. दोष औषधाचा नव्हता आणि त्या स्त्रियांचाही नव्हता.

तीच गोळी कोलकात्याच्या सोनागाछीत 678 आणि म्हैसूरमध्ये 647 देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना देण्यात आली. दोन्हीकडे गोळ्या नेमाने घेतल्या गेल्या, नवी लागण एकीलाही झाली नाही. वाटप त्यांच्याच संघटनांच्या हाती होते: सोनागाछीत ‘दुर्बार’, म्हैसूरमध्ये ‘अशोदया’. या पद्धतीचे श्रेय डॉ. स्मरजित जाना यांना जितके मिळायला हवे, तितके मिळालेले नाही. 1992 मध्ये सोनागाछीत काम सुरू करताना त्यांनी याच वस्तीतल्या स्त्रियांना आरोग्यसेविका केले. 1995 मध्ये या स्त्रियांची ‘उषा’ ही सहकारी पतसंस्था उभी राहिली. गाठीला पैसे असले, की कंडोम नाकारणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवता येते. प्रतिबंधाच्या शास्त्राला इथवर पोहोचावे लागते.

आता लेनाकापाविर हे इंजेक्शन आले आहे. विषाणूच्या जनुकीय द्रव्याभोवतीच्या प्रथिन-कवचावर ते घाव घालते आणि त्वचेखाली साठून सहा महिने पुरते. घरात लपवायला काही उरत नाही. दक्षिण आफ्रिका व युगांडातील चाचणीत ते घेणाऱ्या 2,134 तरुणी व किशोरींपैकी एकीलाही लागण झाली नाही. अमेरिकेत वर्षाचा खर्च 28,000 डॉलरच्या वर. जेनेरिक मात्र 2027 पासून 120 देशांत वर्षाला सुमारे 40 डॉलरमध्ये देण्याचे ठरले आहे. उत्पादनाचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअरही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै 2025 मध्ये हे इंजेक्शन सुचवताना साध्या जलद चाचणीवर ते सुरू करायला मुभा दिली. त्यामुळे वस्तीतल्या दवाखान्यातही ते देता येईल.