चार वर्षांची विधानसभा

कासिम रझवी मूळचा लातुरात वकिली करणारा. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार संघटनेचा म्होरक्या झाल्यावर तो दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायच्या गर्जना करू लागला. त्याच दिवसांत, २१ ऑगस्ट १९४८ रोजी, हैदराबादच्या निजामाने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार धाडली. १६ सप्टेंबरला परिषदेने पॅरिसमध्ये ‘हैदराबाद प्रश्न’ कामकाजात घेतला, तेव्हा भारतीय फौजा हैदराबादच्या वाटेवर होत्या. दुसऱ्या दिवशी निजाम शरण आला आणि आठवडाभरात त्याने तक्रारही मागे घेतली. परिषदेच्या यादीतलं ते कलम मात्र पुढे कित्येक वर्षं तसंच राहिलं. म्हणजे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नांदेड, लातूर, उदगीरची माणसं मतदानाला गेली, तेव्हा न्यूयॉर्कच्या कागदावर त्यांचा मुलूख अजून वादातलाच होता.

त्या वेळी लातूर जिल्हा नव्हता. लातूर आणि औसा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. उदगीर, अहमदपूर, निलंगा बीदर जिल्ह्यात. ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हटलेल्या त्या लष्करी कारवाईनंतर मेजर जनरल चौधरींचा लष्करी अंमल आला आणि पाठोपाठ वेल्लोडी या सनदी अधिकाऱ्याचं सरकार. निजाम राजप्रमुख म्हणून कायम होता. रझाकारांनी जाळलेल्या गावांच्या आठवणी ताज्या होत्या. ‘अ‍ॅक्शन’नंतर मुसलमानांवर जे गुदरलं, तेही लोक विसरले नव्हते. त्या हिंसेची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. याच जिल्ह्यांत तीन-साडेतीन वर्षांत मतपेट्या पोचल्या.

उमेदवारागणिक वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. वाचता न येणाऱ्यानेही चिन्ह पाहून कागद टाकावा, अशी सोय. हैदराबाद विधानसभेच्या एकूण जागा १७५. काँग्रेसला ९३ मिळाल्या, म्हणजे बहुमतापेक्षा पाचच जास्त, आणि मतं साधारण ४२ टक्के. कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्याने त्याची माणसं पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावाने उभी होती. त्यांनी ४२ जागा घेतल्या. समाजवादी ११, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) १०, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन ५, अपक्ष १४.

फ्रंटचा जोर तेलंगणात होता. मराठवाड्यात काँग्रेसला टक्कर दिली ती शेकापने. उस्मानाबादचे उद्धवराव पाटील याच सभागृहातून पुढे आले. भाषेच्या भिंती तेव्हा आजच्याइतक्या पक्क्या नव्हत्या. व्ही. डी. देशपांडे हे मराठी कम्युनिस्ट वरंगळकडच्या इप्पागुडा या तेलुगू मतदारसंघातून निवडून आले. बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले आणि गृहखातं नांदेडकडच्या दिगंबरराव बिंदूंकडे आलं.

हे मतदान म्हणजे विलीनीकरणावरचा कौल होता काय? तो प्रश्न मतपत्रिकेवर कुणी विचारलाच नव्हता. पण एकमेकांशी हाडवैर असलेल्या या पक्षांचं एका गोष्टीवर एकमत होतं: निजामाचं राज्य परत नको. सुरक्षा परिषदेपुढचा दावा लढवायला सभागृहात एकही पक्ष उरला नाही. त्या एकमतामागे कुणाकुणाची धास्तावलेली मुकी संमती होती, हे मात्र आकडे सांगत नाहीत. निकालपत्र वाचताना सुंदरलाल समितीचा अहवाल शेजारी ठेवायला हवा, तो एवढ्यासाठी.

मिटलेल्या वादापेक्षा मोठा वाद या सभागृहाच्या पोटातच होता. मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही मुलुखांतल्या बहुतेकांना आपापल्या भाषाबांधवांकडे जायचं होतं. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचाही आग्रह होता की हैदराबाद संस्थानाचे भाषेप्रमाणे तुकडे झाल्याशिवाय मुक्ती पुरी होत नाही. मराठी मुलूख एका राज्यात आणण्यासाठीच्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर मराठवाड्यातल्या पुढाऱ्यांनीही सह्या केल्या. डिसेंबर १९५५ मध्ये विधानसभेत राज्य पुनर्रचनेवर चर्चा झाली. मत मांडणाऱ्या १४७ आमदारांपैकी १०३ विशालांध्राच्या, म्हणजे सगळे तेलुगू मुलूख एकत्र करण्याच्या, बाजूचे, २९ वेगळ्या तेलंगणाच्या, १५ तटस्थ. मोडायचं की नाही हा मुद्दाच नव्हता. वाद होता तो वाटणीचा.

१ नोव्हेंबर १९५६ ला वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा बीदरमधून निघून उस्मानाबादला जोडले गेले. भालकी, औराद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले, आणि त्या पट्ट्यातल्या मराठी गावांचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. नांदेडची किनवटशी गाठ पडली, पण मुधोळ-भैंसा आणि देगलूर तालुक्यातली बिचकुंदा, जुक्कल ही मंडळं आंध्रात गेली. १९५२ मध्ये एकाच तालुक्यात मत टाकलेली माणसं चार वर्षांनी दोन राज्यांची झाली. वतनं, सोयरिकी, आठवडी बाजार मात्र पूर्वीच्याच वाटेने चालले.

५ फेब्रुवारी २०२३ रोजी तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्रशेखर राव यांनी आपल्या पक्षाची सभा नांदेडला घेतली. महाराष्ट्रात शिरायला त्यांनी हेच शहर निवडलं याचं अनेकांना नवल वाटलं. देगलूरकडच्या म्हाताऱ्यांना ते का वाटावं? त्यांच्या पहिल्या मताचं सरकार हैदराबादलाच बसलं होतं.